जास्वंदीमागचा बाप्पा

गुजरातेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवीत श्रीरंग सर, पण नववीची मुलं शिकत होती गाइडकडून. आकृती काढा म्हटलं की गाइड उघडायचं आणि उतरवून काढायचं. एका तरी पोरानं गाइड मिटून फुलाकडे बघावं, एवढीच सरांची इच्छा होती. ती फार मोठी आहे, हे त्यांना १९९६ साली कळलं.

त्या वर्षी एके दिवशी त्यांनी घरच्या कुंडीतलं जास्वंदीचं फूल डब्यातून आणलं. ते टेबलावर ठेवून हजेरीपुस्तक आणायला गेले, तेवढ्यात शिपाईण सुंदराबाईंनी ते वर्गातल्या गणपतीच्या तसबिरीला वाहून टाकलं. सरांनी परत येऊन फुलाकडे हात नेला.

"देवले वाहेल फूल कोनी काढस का, सर?" सुंदराबाई कडाडल्या.

"अहो, ते कापायचं होतं!"

"कापाले? आज चतुर्थी शे ना!"

अख्ख्या वर्गानं कानाला हात लावले. सरांचा हात खाली आला.

"बरं, राहू द्या तिथंच. जे दिसतं तेच काढा. मनाचं काही नको."

चाचणीचे गुण या आकृतीवरच होते. तास संपताना हेडमास्तर भाईदास सर लाल पेन्सिल घेऊन आले. सगळ्यांची फुलं अगदी सारखी होती: लांब देठ, हिरवी निदलं, उभं कापलेलं अंडाशय. फूल तर कुणी कापलंच नव्हतं. फक्त वर्षा नावाच्या मुलीच्या कागदावर फुलामागे सोंड होती, एक कान होता आणि बाणापुढे लिहिलं होतं, 'देठ तसबिरीमागे आहे, दिसत नाही.'

"आ शुं छे?" भाईदास सर चिडले की गुजरातीत शिरत. "ही विज्ञानाची आकृती?"

"सर बोलले, दिसतं तेच काढा," वर्षा रडवेली झाली.

"सर, वर्गात एवढी एकच आकृती खरी आहे," श्रीरंग सर म्हणाले.

भाईदास सरांनी फुली मारायला पेन्सिल टेकवली, ती नेमकी सोंडेवर. चतुर्थीचा दिवस. त्यांनी मुकाट्यानं पैकीच्या पैकी गुण दिले आणि कागद कपाळाला लावला.

पुढच्या आठवड्यात गांडुळाची आकृती होती. सरांनी बशीत जिवंत गांडूळ ठेवलं. कागद गोळा केले, तर प्रत्येक गांडुळामागे गणपती! सरांनी कपाळाला हात लावला. शेवटचा कागद वर्षाचा. त्यावर बशी, माती आणि गांडूळ.

"वर्षा, तुझा बाप्पा कुठाय गं?"

"सर, बशीत कुठे होता?"

दुसऱ्या दिवशी सरांनी डब्यातून पुन्हा जास्वंद आणली आणि नवस फेडावा तशी आपल्या हातानं तसबिरीला वाहिली.