वहिनींना समुद्रानं नेलं

सकाळच्या नाश्त्याला भोंग्यातून कप्तानाचा आवाज आला, तेव्हा स्तामातेलाबाई उकडलेल्या अंड्यावर मीठ घालत होत्या. कोटोरच्या खाडीत वारा फार सुटला आहे, त्यामुळे बोट तिकडं जाणार नाही, त्याऐवजी आज कॉर्फूला थांबेल, असं कप्तान म्हणाला. जेवणघरात टाळ्या पडल्या. स्तामातेलाबाईंच्या हातातली मिठाची बाटली मात्र उलटीच राहिली आणि अंडं दिसेनासं झालं.

कारण बाई कॉर्फूच्याच होत्या. तिथल्या घराला कुलूप लावून, फेरीनं आणि बसनं अथेन्सचं बंदर गाठून त्या या बोटीत चढल्या होत्या. एवढा द्राविडी प्राणायाम करून शेवटी आपल्याच गावी यायचं, हा त्यांना अपमान वाटला.

नवरा नोंदास गेल्यापासून बाई वर्षातले निम्मे दिवस क्रूझवर असायच्या, आणि बोटींबद्दलची त्यांची मतं दगडावर कोरल्यासारखी होती. खोली घ्यावी ती खालच्या मजल्यावर, मधोमध. वरच्या गॅलरीवाल्या खोल्या नवख्यांसाठी. पहिल्या दिवशी बुफेकडं फिरकू नये, लोक उपाशी सुटल्यासारखे वागतात. कप्तानापेक्षा खोली झाडणाऱ्याशी ओळख ठेवावी. बंदरांविषयी तर बोलायलाच नको. बोटीला पाणी आणि भाजीपाला लागतो म्हणून बंदर असतं, माणसानं तिथं उतरायचं काही कारण नाही. सगळे उतरले की गरम पाण्याचा हौद आपल्या एकटीचा. नेपल्स, बार्सिलोना, इस्तंबूल ही सगळी शहरं बाईंनी त्या हौदातून पाहिली होती.

त्यांच्याच टेबलावर जेवणारी पोलिक्सेनी ही व्होलोसची एक गुबगुबीत, रडवी बाई होती. लग्नाच्या गोष्टी ऐकून रडायची, बारशाच्या ऐकूनही रडायची. ती आता धावतच आली.

"स्तामातेला, आत्ताच्या बिंगोत मला काय लागलंय बघ! कॉर्फूच्या घरात घरगुती जेवण, दोघांचं. चल!"

"मी माझ्याच गावात पाहुणी म्हणून जाऊ? वेड लागलंय का तुला?"

"अगं, फुकट आहे. कुठल्याशा विधवा बाईंच्या घरी नेतात म्हणे."

बाईंचा चमचा थांबला. "कोण विधवा?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत नाही अशी एकही विधवा कॉर्फूत नाही," स्तामातेलाबाई म्हणाल्या आणि टोपी आणायला उठल्या.

बसमध्ये पंचवीस-तीस माणसं होती, बहुतेक परदेशी. पुढं माईक धरून ऊरानिया नावाची गाइड उभी होती. बस बंदरावरून वळून चढाला लागली तसे बाईंचे अंदाज सुरू झाले. "पोतामोसकडं चालली. आमच्याच गावाकडं. म्हणजे पोपीकडं असणार. मर आता, पोपीचा रस्सा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी."

पोपीचं घर मागं पडलं.

"मग एर्सीकडं. पण एर्सीला नवरा आहे अजून. गेला की काय?"

एर्सीचंही घर मागं पडलं. बस आणखी एक वळण चढली आणि निळ्या फाटकासमोर उभी राहिली. फाटकाचा खालचा कोपरा गंजून फाटला होता, तो नोंदासनं तारेनं बांधला होता. तार तिथंच होती.

पोलिक्सेनी केव्हाच खाली उतरून "काय गं गोड घर!" म्हणत होती. बाईंनी टोपी कानापर्यंत ओढली, काळा चष्मा चढवला आणि स्वतःच्या घरात सगळ्यात शेवटी शिरल्या.

अंगणात लिंबाच्या झाडाखाली त्यांचं जेवणाचं टेबल होतं. त्याला माळ्यावरचं दुसरं टेबल जोडलं होतं. वर त्यांच्या लग्नातला चादरीएवढा मेजपोस, आणि त्यावर सोनेरी कडेची ताटं, जी बाईंनी नोंदासलासुद्धा कधी वापरू दिली नव्हती. दारात सासूबाईंचा ठेवणीतला जुना पोशाख घालून, डोक्यावर पांढरी ओढणी बांधून, त्यांची नणंद दियामंदिना उभी होती. झाडांना पाणी घालायला म्हणून बाईंनी जिच्या हातात किल्ली दिली होती तीच.

"या, या! घर आपलंच समजा!" दियामंदिना म्हणाली.

समजा? स्तामातेलाबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

दाराशेजारच्या भिंतीवर त्यांचा स्वतःचा फोटो होता. मागच्या क्रूझवर कप्तानाबरोबर काढलेला. त्यातला कप्तान कापून टाकला होता. बाईंच्या खांद्यावर फक्त सोनेरी पट्ट्यांची एक बाही उरली होती. फोटोखाली तेलाचा दिवा तेवत होता.

"ही माझी वहिनी," दियामंदिनानं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "हे सगळं वैभव तिचंच हो. देवमाणूस. पण काय करता, समुद्रानं नेलं तिला."

ऊरानियानं भाषांतर केलं. टेबलाभोवती हळहळ पसरली. एका डच बाईंनी चमचा खाली ठेवला. पोलिक्सेनीला भाषांतराची गरज नव्हती, ती आधीच रडत होती. स्तामातेलाबाईंनी टेबलाखाली हळूच आपल्याच मनगटावर बोटं ठेवून पाहिली. नाडी लागत होती. जरा जोरातच.

कोंबड्याचा मसालेदार रस्सा आणि जाड नळीच्या शेवया घेऊन दियामंदिना एकेकाला वाढत आली. टोपीखालच्या हनुवटीपाशी तिचा डाव थांबला. डाव कलला. लग्नातल्या मेजपोसावर लाल डाग पसरायला लागला.

"वाढ की," स्तामातेलाबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"व... वहिनी!"

"मेलेल्या माणसाशी बोलू नये. वाढ."

इथंही प्रकरण मिटलं असतं. पण पोलिक्सेनी नाक पुसत फोटोपाशी गेली होती. तिनं फोटो पाहिला, मागं वळून पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि किंचाळली, "स्तामातेला! अगं ही तर हुबेहूब तू!"

आणि धावत येऊन तिनं बाईंची टोपी उचलली.

डच बाईंची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. एक बेल्जियन साहेब खुर्चीसकट मागं सरकले. ऊरानियाचा माईक हातातून पडला. तिनं स्तामातेलाबाईंकडं बघून हात जोडले, जणू तिची नोकरी आता बाईंच्या एका शब्दावर होती.

"जुळी!" दियामंदिना ओरडली. "जुळ्या बहिणी होत्या त्या! ही दुसरी!"

एका वाक्यात बाईंना सगळं उघडं पाडता आलं असतं. पण परक्या माणसांसमोर घरची धुणी धुवायची नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. शिवाय खरं सांगायचं तर आपण मेल्यावर लोक काय बोलतात हे ऐकण्याची संधी किती जणांना मिळते? त्या उभ्या राहिल्या.

"माझी बहीण साधी होती," त्या म्हणाल्या. "विश्वासू होती. इतकी विश्वासू, की घराची किल्ली कुणाच्याही हातात द्यायची."

"किल्ली द्यायची," दियामंदिनानं डाव कमरेवर ठेवला, "आणि मांजर द्यायची, आणि गळकं छप्पर द्यायची. हिवाळ्यात न्हाणीतला पाइप फुटला तेव्हा बादल्या कुणी ओढल्या?"

"तिला कळवायचं होतंस!"

"कुठं कळवू? समुद्रात फोन लागत नाही म्हणायची."

"नाहीच लागत!"

"आणि बंदरात?"

परदेशी पाहुणे टेनिसच्या सामन्यासारखे माना फिरवत होते. त्यांनी ऊरानियाकडं पाहिलं. ती घाम पुसत म्हणाली, "दोघींचा तिच्यावर फार जीव होता."

"परत आल्यावर तरी नीट बोलायचं," दियामंदिना आता थांबायला तयार नव्हती. "कुठल्या बोटीची गादी मऊ, कुठल्या बोटीवरचं चीज वाळकं, कप्तान काय म्हणाला. मी कधी बोलायचं? माझं ऑपरेशन झालं ते तिला ठाऊक तरी होतं का?"

स्तामातेलाबाईंचा चेहरा पडला. आतापर्यंतचे सगळे धक्के त्यापुढं काहीच नव्हते. "कसलं ऑपरेशन?"

"पित्ताशयाचं. ईस्टरच्या आधी."

"मग मला... मग तिला का नाही बोललीस?"

"ती नॉर्वेला होती. डोंगर बघत."

बाईंनी खाली पाहिलं. ताटात रस्सा थंड होत होता.

"पण म्हणून तिला मारून टाकायचं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"पहिल्या खेपेला खरंच सांगितलं होतं मी, वहिनी क्रूझला गेलीय म्हणून," दियामंदिना म्हणाली. "पण येणारी माणसं सगळी क्रूझचीच! कुठली बोट, कितवा मजला, खिडकी आहे की नाही... तासभर तेच. माझा कोंबडा गार झाला. कुणी म्हणालं नाही, बाई, छान झालाय. दुसऱ्या खेपेला म्हटलं, गेली बिचारी. सगळे गप्प बसून जेवले. दोनदा मागून घेतलं."

पोलिक्सेनीला स्वतःच्याच हुंदक्यांमुळं यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ऊरानियानं मात्र थोडंसं भाषांतर केलं असावं, कारण बेल्जियन साहेब घसा खाकरून उभे राहिले आणि बरंच काही बोलले. ऊरानिया घुटमळली.

"सांग ना, काय म्हणाले ते?" दियामंदिनानं विचारलं.

"साहेब म्हणतात, गेलेल्या बाई स्वार्थी असाव्यात. अशी माणसं त्यांना बोटीवर नेहमी भेटतात."

स्तामातेलाबाई तोंड उघडणार तोच दियामंदिनाचा डाव साहेबांच्या नाकासमोर आला होता.

"कोण स्वार्थी? माझा भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा दोन वर्षं ती या फाटकाबाहेर पडली नाही! हातानं भरवायची त्याला. तो गेल्यावर म्हणाली, दियामंदिना, या खोल्यांत मला श्वास घेता येत नाही. मीच म्हटलं, जा बाई, कुठंतरी जा, वारा खा. मी पाठवलं तिला, मी!" तिनं ओढणीनं खरंखुरं नाक पुसलं. "ऊरानिया, या माणसाला दुसऱ्यांदा वाढायचं नाही, सांग त्याला."

ऊरानियानं ते शब्दशः सांगितलं. साहेब बसले.

स्तामातेलाबाईही बसल्या. मग काटा उचलला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्या घासाला त्यांनी कुणाकडंही न बघता म्हटलं, "छान झालाय."

बस निघायची वेळ झाली. फाटकापाशी दोघी समोरासमोर आल्या.

"थांबतेस का?" दियामंदिनानं हळूच विचारलं.

"पेटी बोटीवर आहे. गोळ्या बोटीवर आहेत."

"जा मग."

"ताटं धुताना सोनेरी कड घासू नकोस."

"मला शिकवू नकोस," दियामंदिना म्हणाली आणि आत वळली.

एवढ्यावर दिवस संपायला हरकत नव्हती. पण पोलिक्सेनीच्या पोटात गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. "म्हणून ती बंदरात उतरत नाही! बहिणीच्या दुःखानं! आणि आपण तिला खडूस म्हणत होतो!" असं तिनं संध्याकाळच्या जेवणाआधीच सगळीकडं करून टाकलं. जेवताना अनोळखी माणसं येऊन बाईंचा हात दाबून जात होती. वाढप्यानं न मागता दुसरी खीर आणली. खोली झाडणाऱ्यानं उशीवर रोजच्यासारखा टॉवेलचा हंस न करता टॉवेलची मेणबत्ती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुब्रोवनिकला पोचण्याआधी, दार वाजलं. पांढरा गणवेश घातलेला एक अधिकारी उभा होता. कप्तानसाहेबांनी मागच्या डेकवर बोलावलंय म्हणाला.

डेकवर शंभरेक माणसं जमली होती. बेल्जियन साहेब काळा टाय लावून पुढं उभे होते, शरमलेले. कप्तानाच्या हातात पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र होतं.

"ज्या समुद्रानं तुमच्या बहिणीला नेलं त्यालाच हे वाहू या," कप्तान माईकमधून म्हणाला. मग माईकवर हात ठेवून त्यानं वाकून विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

स्तामातेला म्हणायची सोय नव्हती. स्तामातेला इथं जिवंत उभी होती. बाईंचं डोकं पार रिकामं झालं आणि जे एकच नाव कालपासून त्यात घुमत होतं ते बाहेर पडलं.

"दियामंदिना."

"दियामंदिना!" कप्तानाचा आवाज साऱ्या बोटीभर, सगळ्या मजल्यांवर, हौदापर्यंत घुमला. भोंगा वाजला. शंभर माणसांनी माना खाली घातल्या. बाईंनी चक्र पाण्यात सोडलं. फुलं लाटेवर वर आली, खाली गेली, मागं पडायला लागली, आणि त्या नावाचं ते लहानसं पांढरं वर्तुळ दूर जाताना बघून स्तामातेलाबाईंना एकाएकी इतकं रडू कोसळलं, की पोलिक्सेनीसुद्धा रडायचं विसरून त्यांच्याकडं बघत राहिली.

दुब्रोवनिकला बोट लागताच धक्क्यावर पहिल्या उतरल्या त्या स्तामातेलाबाई. त्यांनी एका खुंटावर बसून फोन लावला.

"दियामंदिना? मी बोलतेय."

"काय गं, काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. ऐक, रागावू नकोस. मी तुला आत्ताच समुद्रात सोडलं."

पलीकडं नळ बंद केल्याचा आवाज आला.

"माणसं किती होती?" दियामंदिनानं विचारलं.

"शंभर तरी. कप्तान होता. भोंगा वाजवला."

"फुलं?"

"पांढरी. मोठ्ठं चक्र."

"बरं झालं," दियामंदिना म्हणाली. आवाजात समाधान लपत नव्हतं. "तू रडलीस?"

"वारा होता." बाईंनी नाक पुसलं. "ते राहू दे. ऑपरेशनचं सांग. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून? लांब आहे ते."

"बोट संध्याकाळी सुटते. सांग."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हं. तर त्या दिवशी मी आपली कांदा चिरत होते," दियामंदिना म्हणाली, "आणि इथं, बरगडीच्या खाली, एकदम..."