रिजेक्ट माल

माझ्या डब्यातली कारल्याची भाजी दत्तूअण्णांनी तीनदा रिजेक्ट केली आणि तिन्ही वेळा संपवली. चाकणच्या आमच्या कंपनीत ते माल तपासायला आहेत, मान्य. पण डबे तपासायला यांना सांगितलंय कुणी?

जेवणाची सुट्टी झाली की स्वतःचा डबा पाच मिनिटांत उरकून अण्णा निघालेच टेबलाटेबलावर. "आमी फकस्त सॅम्पल घेतो." भाजी जमली असेल तर एक घास आणि 'ओके'. फसली असेल तर सगळी गट्टम! का, तर "रिजेक्ट माल पुढं सोडायचा न्हाई." माझ्या बायकोची एकही भाजी आजवर पास नाही. हे घरी कोणत्या तोंडानं सांगू?

अण्णांची साखर वाढली तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी फॉर्म दिला. आपली खायची सवय आपणच तपासायची. भूक नसताना खाता का? हात आवरत नाही का? लपून खाता का?

"लपून?" अण्णा भडकले. "आरं, समद्या कँटीनसमोर खातो आमी!"

फॉर्म उलटा करून त्यांनी मागं रकाने आखले आणि तो माझ्यापुढे सरकवला. आमच्याकडे माल बिघडला की मूळ कारण सापडेपर्यंत पाचदा 'का' विचारायची पद्धत आहे. "विचार. अन् लिव्ह."

"भूक नसताना का खाता?"

"डबे दिसत्यात म्हणून."

"तुमचा असतो की! दुसऱ्यांचे का?"

"माझा मीच करतो. त्यात काय तपासायचं?"

"पण तपासायचंच का, म्हणतो मी!" माझा आवाज चढलाच.

"सवय हाय."

"कसली डोंबलाची सवय? का लागली?"

अण्णा पेनाचं टोपण लावत-काढत बसले. "तुझी काकू रोज चुलीपाशी हाक मारायची. जरा मीठ बघा म्हणायची. ती गेल्यापास्नं कुनी म्हनत न्हाई."

पाचवा 'का' मी विचारला नाही. शेवटी 'उपाय' आणि 'जबाबदार व्यक्ती' असे दोन रकाने होते. उपायात लिहिलं, रोज एकच घास. जबाबदार व्यक्तीपुढे माझं नाव घातलं. माझा राग गेला होता असं नाही हं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. पुन्हा कारलं. मी म्हणालो, "अण्णा, जरा मीठ बघा."

त्यांनी एक घास घेतला. खूप वेळ चावला. मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ओके."

मी भाजी चाखून पाहिली. बायको मीठ घालायलाच विसरली होती.