सामंतमामांची सर्दी

सकाळी उठल्यावर माणूस चूळ भरतो, देवाला हात जोडतो, फार तर नळाला पाणी आलं का बघतो. सामंतमामा दारात उभे राहून कानाला उंदीर लावायचे.

लग्न होऊन मी मुलुंडला आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी हे पाहिलं. हातात दुधाचं भांडं, डोक्यावर पदर, आणि समोर गंजिफ्रॉकातला एक पन्नाशीचा गृहस्थ डोळे मिटून उभा. कानाशी पांढराशुभ्र उंदीर, हल्ली लोक मोबाइल धरतात तसा. बराच वेळ ऐकून झाल्यावर ते उंदराला म्हणाले, "बरा आसा." मग त्याला लेंग्याच्या खिशात टाकून त्यांनी दुसरा काढला.

मी घरात येऊन म्हटलं, "अहो, शेजारी वेडे आहेत."

"वेडे नाहीत, पेटीवाले आहेत," हे दाढी करता करता म्हणाले, जणू त्यात मोठा फरक असतो.

मामा हार्मोनियम दुरुस्त करायचे. त्यांच्या मते देवाने आधी पेटी केली आणि उरलेल्या सामानात माणूस. आपली छाती म्हणजे भाता, गळा म्हणजे सूर. आमच्या ह्यांच्याबद्दल त्यांचं मत होतं, "भाता चांगला, पण सूर चिकटलेत." हे कमी बोलतात, एवढाच त्याचा अर्थ. मला म्हणाले, "वहिनी, तुमचा भाता मोठा. हवा फार वाया जाते." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता मला ते मान्य आहे.

उंदीर पेटीतूनच आले होते. एका फिरत्या जादूगाराने पेटी दुरुस्तीला टाकली, ती उघडली तर भाता कुरतडून आत हे दोघे. जादूगार तोवर पुढच्या गावाला निघून गेलेला. तो ना पेटी न्यायला आला, ना उंदीर. मामांचा निम्मा धंदा उंदरांनी भाते कुरतडण्यावर चाले. म्हणजे एका अर्थी हे अन्नदातेच. त्यांनी एकाचं नाव षड्ज ठेवलं, दुसऱ्याचं पंचम.

"हीच नावं का?" मी विचारलं.

"सप्तकात हे दोनच सूर जागचे हलत नाहीत, वहिनी."

त्या वेळी षड्ज त्यांच्या कॉलरीत शिरत होता आणि पंचम तुळईवर होता.

माणसांशी मामा तोलून मापून, पुस्तकी बोलत. उंदरांशी मात्र मालवणीत. "काय रे बाबा, झोप लागली मां?" असं पलीकडून ऐकू आलं की मला माझं वाईचं माणसांनी भरलेलं घर आठवे. हे साडेआठला कचेरीत जात. मग दिवसभर मी, कावळे आणि फळीच्या भिंतीपलीकडची मामांची मालवणी. मामांकडे कुणी येत नसे. पेट्या येत, पण त्या न्यायला येणारी माणसं कायम घाईत असत.

चार बिऱ्हाडांच्या त्या बैठ्या घराच्या मालकीण होत्या आत्याबाई. ओट्याच्या टोकाला त्यांचा पाट आणि पाटावर त्या. त्यांच्या लहानपणी गावात प्लेग आला होता. आधी घराघरांत उंदीर पडले, मग माणसं. वडील आणि पाठचा भाऊ गेले, उरलेलं घर रानात झोपड्या घालून राहिलं. त्या हे सांगत तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहत.

मामांना त्यांनी बजावलं होतं, "पांढरे आहेत, गणपतीचे आहेत, म्हणून चालवून घेते. पण आजारी उंदीर माझ्या छपराखाली नको. एक जरी पडला, तर तो, तुम्ही आणि तुमच्या पेट्या, तिघांनी बाहेर."

आत्याबाईंचा दुसरा कायदा शिंकेचा. कुणी बाहेर निघाला आणि एक शिंक आली, की त्याने परत येऊन बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. दोन शिंका आल्या तर हरकत नाही. आमच्या ह्यांची कितीतरी वेळा गाडी चुकली ती कुणाच्या तरी तपकिरीपायी.

माझ्या लग्नाला वर्ष होतं न होतं तोच पंचम गेला. म्हातारा झाला होता बिचारा. मागच्या खिडकीतून मी मामांना शेवग्याखाली खणताना पाहिलं. हातात लाकूड कोरायची पटाशी होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, "एकच दिसतोय?"

"दुसरा मित्राला दिला. कांदिवलीला."

"कांदिवलीला कशाला?"

"तिथली हवा बरी."

त्यानंतर आत्याबाई अधूनमधून विचारत, "काय म्हणतोय तुमचा कांदिवलीकर?" मामा घसा साफ करून सांगत, "बरा आहे. जरा जाड झालाय." मेलेल्या उंदराच्या तब्येतीचा इतका सविस्तर वृत्तान्त मी पुन्हा कधी ऐकला नाही.

षड्जाने मात्र खाणं कमी केलं. मामा म्हणाले, "उंदराला एकटं राहता येत नाही, वहिनी. झुरतो."

"मग दुसरा आणा की."

"आणेन. पण तो पंचम कुठला?"

आणि थंडी सुरू झाल्यावर षड्ज शिंकायला लागला. ओली काडी काडेपेटीवर ओढावी तसा आवाज. मी लगेच पलीकडे गेले. मॅट्रिकला आरोग्यशास्त्रात मला बक्षीस मिळालं होतं, आणि सगळं मुलुंड माझ्या सल्ल्यावाचून खोळंबलंय अशी माझी तेव्हा समजूत होती.

षड्ज मामांच्या तळहातावर अंग फुगवून बसला होता. पाठीवरची लव पिंजारलेली, श्वासाबरोबर कुशी आतबाहेर होत होत्या. नाकाशी आणि डोळ्यांच्या कडेला लाल.

"रक्त आहे," मी जाहीर केलं. "हा क्षय आहे, मामा. त्याची भांडी वेगळी ठेवा."

"वेगळीच आहेत. तो माझ्या ताटात जेवत नाही."

मी कांदा फोडून त्याच्या नाकाला लावायला सांगितला. षड्जाने तो खाल्ला. मग ओव्याची धुरी सुचवली. त्या धुरीने आम्ही दोघं खोकलो आणि षड्ज दुप्पट शिंकला. तेवढ्यात बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "कोण शिंकतंय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी एकदाच पाहिलाय, परीक्षेत कॉपी धरल्यावर माझ्या मैत्रिणीचा. आणि मग त्यांनी जी शिंक दिली, तिने खुंटीवरची छत्री हलली.

"मी, आत्याबाई. सर्दी झालीय."

"पहिली बारीक आली ती?"

"तीही माझीच. आधी सूर लावतो, मग गातो."

हे तेव्हा चप्पल घालून ओट्यावर थबकले होते. त्यांना आत्याबाई म्हणाल्या, "दोन झाल्या. जा रे तू गोविंदा."

तेव्हापासून तेच चाललं. षड्ज शिंकला की पाठोपाठ मामा. जेवता जेवता, सूर लावता लावता, एकदा तर गिऱ्हाइकाशी बोलताना. मी भिंतीला कान लावून बसे. आधी काडी, मग तोफ.

आणि याचा एक परिणाम झाला, जो मामांच्या किंवा माझ्या कुणाच्याच हिशेबात नव्हता. सगळं घर मामांच्या सर्दीला लागलं. पलीकडच्या कुलकर्णीबाईंनी निलगिरीचं तेल पाठवलं. आत्याबाईंनी परसातला अडुळसा तोडून दिला आणि काढा करायचं काम माझ्यावर टाकलं. आमचे हे, ज्यांचे सूर चिकटलेले, तेसुद्धा संध्याकाळी दारात थांबून विचारायला लागले, "काय मामा, आज कसं काय?" मामा आधी दचकले. मग सांगायला लागले. काल काळी दोनमध्ये होती, आज पांढरी दोनवर उतरलीय. छातीत जरा हवा गळतेय, पण भाता शाबूत आहे. सांगता सांगता ओट्यावर बसत. त्या ओट्यावर तोवर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

पण षड्जाच्या छातीतली करकर वाढली. कानाला लावायचीसुद्धा गरज उरली नाही, हाताच्या अंतरावरून ऐकू यायची. शेवटी मी आणि मामा त्याला परळला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. पेटीच्या रिकाम्या खोक्यात, चिंध्या घालून. फलाटाच्या बाकावर गाडीतल्या भजनी मंडळातला एक टाळकरी जवळ आला. "बुवा, गाडीला वेळ आहे, एखादा अभंग होऊ द्या," म्हणाला. मामा म्हणाले, "पेटीला सर्दी आहे." आतून काडी ओढल्याचा आवाज आला. टाळकरी दुसऱ्या बाकावर गेला.

दवाखान्यात घोडे, म्हशी आणि एक डोळे मिटलेलं माकड. डॉक्टरांच्या नळीचं टोक षड्जाच्या छातीहून मोठं होतं. बराच वेळ ऐकून ते मामांना म्हणाले, "तुमचा हात काढा हो, तुमचेच ठोके येतायत."

मी क्षयाचं निदान सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "हे रक्त नाही. उंदराचे अश्रूच या रंगाचे असतात. आजारी पडला किंवा जीव घाबरा झाला की नाकाडोळ्यांशी असं लाल दिसतं." मग त्यांनी मामांच्या कोटाचा वास घेतला. "लाकूडकाम करता?"

सागाचा भुसा आणि पॉलिशचा वास, दोन्ही त्याच्या छातीला वाईट निघाले. आणि मामा त्याला आल्या दिवसापासून मऊ म्हणून भुशावरच झोपवत होते.

"बरा होईल ना?" मामांनी विचारलं.

"कमीजास्त होत राहील. यांची फुप्फुसं एकदा धरली की पुरती सुटत नाहीत. ऊब द्या, धूळ टाळा. आहे तोवर सुखात ठेवा."

दुसऱ्या दिवशी मामांनी सगळं काम ओट्यावर आणलं. खोली धुतली, भुसा लांब नेऊन टाकला. मी माझं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून दिलं. षड्ज त्यात गुंडाळून बसायचा, डोकं तेवढं बाहेर, माझ्या सासूबाईंसारखा. ती थंडी त्याने काढली. मामा त्याला बोटावर दूधभात चाटवत आणि विचारत, "खंय दुखता? माका सांग." तो सांगत नसे. शिंकत असे. मामा त्याच्यामागे शिंकत.

उन्हाळा लागला तेव्हाची एक सकाळ. हे एक पाय चपलेत घालून उभे होते. मी डबा देत होते. पलीकडे मामांची शिंक आली, ती नेहमीची छत्री हलवणारी.

तिच्या आधीची बारीक आली नव्हती.

ह्यांनी सवयीने पाय चपलेतून काढला. मी कान देऊन उभी राहिले. वाटलं, आज क्रम उलटा असेल. आत्याबाईसुद्धा पाटावर मान वाकडी करून ऐकत होत्या. दुसरी शिंक आलीच नाही.

थोड्या वेळाने मामा दारात आले. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. नखांत माती होती.

"षड्ज कुठंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"कांदिवलीला पोचवला."

मी डब्याचं झाकण घट्ट धरून ठेवलं. आत्याबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडवलं, परत गुंडाळलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पहिल्याला तिथं सोबत नव्हती." मग ह्यांच्याकडे वळल्या. "तू जा रे गोविंदा. ही शिंक धरायची नाही." आणि मला, "तू काय बघत उभी राहिलीस गं? काढा ठेव. त्यांची सर्दी अजून आहे."

सर्दी राहिली. नवे पैसे चलनात आले, समोरच्या मोकळ्या जागेवर दुमजली घर उठलं, मला दोन मुलं झाली, मामांची सर्दी तशीच. रोज सकाळी एक शिंक. मी अडुळसा उकळायची, कुलकर्णीबाई निलगिरी पाठवायच्या. मामा दारात उभं राहून काढा पीत आणि आज कुठल्या पट्टीत आहे ते सांगत. त्यांना साधा खोकलासुद्धा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या एका शिंकेसाठी आमच्या ओळीतलं कुणी थांबत नसे. आत्याबाईंचा तसा हुकूमच होता.

मग ह्यांना बोरिवलीला मोठी जागा मिळाली. सामान पुढे गेलं होतं, टांगा उभा होता, मुलं आत बसली होती. आत्याबाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या. मी आत जाऊन त्यांच्या पाया पडून आले. मामा दारात उभे होते. "सांभाळून जा, वहिनी," असं काहीतरी पुस्तकी बोलले. मी टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून शिंक आली. एकच. छत्री हलेल अशी नव्हती, अगदी बारीक, ओली काडी ओढावी तशी.

मी पाय खाली घेतला.

"चला ना बाई, ऊन चढतंय," टांगेवाला कुरकुरला.

"शिंक झाली," मी म्हटलं, आणि परत जाऊन ओट्यावर बसले. "मामा, पाणी द्या. पाणी पिऊन मग निघायचं असतं."

मामा पाणी आणायला आत गेले. माठ दारामागेच होता, तरी त्यांना बराच वेळ लागला.