विस्तव मागून आणणारा इसम

माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, याबद्दल खुर्चीत बसलेल्या माणसांमध्ये कधीच दुमत नसते.

१९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. आमच्याकडे ते १९८४ साली पोचले. (मधल्या काळात चंद्रपूर जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. नेमके कुठे उतरावे, हे त्या वर्षाला कळले नसावे.) पोचल्यावर मात्र आम्ही वेळ दवडला नाही. प्रौढ मतिमंद स्वावलंबन समिती स्थापन झाली. ब्रह्मपुरीचे निवृत्त मुख्याध्यापक गुणवंतराव अध्यक्ष झाले, मी चिटणीस झालो, आणि पहिल्याच बैठकीत समितीला एक शिपाई मंजूर झाला, कारण अध्यक्षांना मधूनमधून पाणी लागते.

समितीजवळ दोन साधने होती. एक, परदेशी पुस्तिकेवरून तयार केलेली चाळीस प्रश्नांची स्वावलंबन चाचणी. दोन, चंद्रपूरचे वीस खाटांचे स्वावलंबन गृह. पंचवीस किंवा अधिक गुण पडले तर तो इसम एकटा राहण्यास लायक, त्याला प्रमाणपत्र. कमी पडले तर गृहात दाखल. एकोणीस खाटा भरल्या होत्या. उद्घाटन महिन्यावर आले होते आणि विसावी खाट रिकामी दिसणे बरे नव्हते.

पुस्तिकेत अशीही सूचना होती की, चाचणी आधी काही सामान्य माणसांवर करून पाहावी. आम्ही पाचही सभासद सामान्यच असल्याने आपापला नमुना भरला. स्वतःचे कपडे धुतो काय, स्वतः स्वयंपाक करतो काय, आपल्या वस्तू कुठे आहेत हे न विचारता सांगू शकतो काय, वगैरे. सरासरी अकरा गुणांची आली. अध्यक्षांना नऊ पडले. (त्यातला एक टेलिफोन उचलण्याचा.) निकालाचे पाकीट लाखेने बंद करण्यात आले आणि ही चाचणी सामान्य माणसांना लागू नाही, असा ठराव एकमताने झाला.

विसाव्या खाटेसाठी लटारूचे नाव पुढे आले. वय अंदाजे छत्तीस, राहणार सावली गावाजवळच्या एका खेड्यात. वाचता येत नाही, मोजणी तीनच्या पुढे जात नाही, बोलणे थोडे आणि सावकाश. आई दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्याच घरात एकटा राहतो. ‘एकटा’ या शब्दाखाली अध्यक्षांनी तांबडी रेघ मारली.

आम्ही जीपने गेलो. लटारूने ओसरीवर घोंगडी अंथरली आणि चाचणी सुरू झाली.

प्रश्न तिसरा, शर्टाची बटणे स्वतः लावतो काय? त्याच्या अंगातल्या बंडीला बटणेच नव्हती, नाड्या होत्या. बंडी शिवणारे कय्यूमभाऊ बघायला आलेच होते. ते म्हणाले, ‘‘याले बटन टोचते साहेब. म्हनून मी नाड्याच लावून देतो.’’ शिंप्याची मदत घेतली, सबब शून्य.

प्रश्न सतरावा, रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहतो काय? यासाठी वाहन आवश्यक होते, म्हणून आम्ही एसटीची दीड तास वाट पाहिली. ती आली तेव्हा लटारूने रस्ता ओलांडलाच नाही. हात करून गाडी थांबवली, टपावरचे एका म्हातारीचे गाठोडे उतरवून घेतले आणि तिच्यामागून चालू लागला. शून्य.

प्रश्न सव्विसावा, चूल स्वतः पेटवतो काय? लटारूने एक खापर उचलले, शेजारच्या बायनाबाईंकडे गेला आणि त्यात विस्तव मागून घेऊन आला. (एसटीवरचे गाठोडे यांचेच.) अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. फळीवर काडीपेटी होती, भरलेली होती. मी विचारले, ‘‘ही असताना विस्तव का मागतोस?’’

लटारूने विस्तव चुलीत सारला. मग म्हणाला, ‘‘इस्तो आनाले जातो तं बायनाबाई दिसते. नाई दिसली तं मले समजते, तिचं काई दुखून राह्यलं.’’

बायनाबाई सत्तरीच्या, एकट्या. त्या दारातूनच बोलल्या. ‘‘मागच्या पावसाळ्यात मी तापानं पडून होती साहेब. हाच आला इस्तो मांगाले. यानंच गाडी जुंपाले लावली, तवा दवाखाना दिसला. माह्या घरचा इस्तो इझला तं मी याच्या घरून आनतो. याले कायले नेता?’’

मी चाळीसही प्रश्न पुन्हा तपासले. दुसऱ्यांची मदत घेतो काय, असा प्रश्न होता. दुसऱ्यांना मदत करतो काय, असा नव्हता. पुस्तिका शास्त्रीय असल्यामुळे तिच्यात अशा बारीकसारीक गोष्टींना जागा नसते. मी ‘मदत घेतो : होय (विस्तव)’ असे नोंदवले.

दुपारी लटारूने त्याच विस्तवावर समितीसाठी भात आणि झिंग्यांची भाजी केली. अध्यक्षांनी दोनदा भात घेतला. गुण मात्र देता आले नाहीत, कारण प्रश्न ‘पावाला लोणी लावतो काय’ असा होता, आणि लोणी त्या गावात कोणीच पावाला लावत नव्हते. पाव नव्हता.

एकूण गुण चौदा. (अध्यक्षांपेक्षा पाच जास्त. पण ते पाकीट बंद आहे.)

सोमवारी जीप गेली. लटारूने बरोबर कपडे घेतले नाहीत, खापर घेतले. बायनाबाई जीपच्या दांडीला धरून उभ्या होत्या. ‘‘आता माह्याकडं इस्तो मांगाले कोन येईन रे?’’ असे त्या म्हणाल्या. विस्तव तर त्यांच्याच घरात होता, त्यामुळे हा प्रश्न समितीला कळला नाही. जीप सुरू झाल्यावर शिपायाने त्यांची बोटे सोडवली.

आता गृहाबद्दल सांगितले पाहिजे, कारण तिथे खरेच उत्तम व्यवस्था आहे. सहाला घंटा होते, म्हणजे स्वतः उठावे लागत नाही. आचारी स्वयंपाक करतो, धोबी कपडे धुतो. बाहेरच्या कोणाची मदत घेतली जाऊ नये म्हणून फाटकाला कुलूप असते. लटारू पहिला महिनाभर सकाळी खापर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा. आचारी हाकलून द्यायचा, कारण नियमाप्रमाणे विस्तव धोकादायक आहे. एकदा मी भेटीला गेलो, तेव्हा त्याने मला विचारले, ‘‘इथी शेजारी कोन राह्यते?’’ मी म्हणालो, भिंत आहे. नंतर खापर फुटले आणि ही सवय सुटली.

सहा महिन्यांनी फेरचाचणी झाली. लटारूने चार बटणे लावली, पावाला लोणी लावले, बंद पडलेला टेलिफोन उचलून कानाला धरला. गुण एकतीस. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. प्रमाणपत्र मीच घेऊन निघालो, त्याला गावी पोचवायलाही मीच गेलो.

जीप थांबली तसा लटारू धावतच बायनाबाईंच्या घरात शिरला. रिकाम्या हातानेच. चूल उकरलेली होती, राख थंड होती. कय्यूमभाऊंनी मला बाजूला नेले. बायनाबाई थंडीत गेल्या होत्या. कळले तिसऱ्या दिवशी, तेही वास आला म्हणून.

लटारू चुलीशी बसून राहिला. मी त्याला हाक मारली, प्रमाणपत्र पुढे केले. त्याने ते घेतले नाही. मला तेव्हा लाज वाटली आणि अजूनही वाटते, पण अहवालात लाजेचा रकाना नाही.

पुढे समितीने चाचणी सोपी करून सर्व नागरिकांना खुली करावी, असे मी सुचवले आहे. चाळीस प्रश्नांऐवजी एकच ठेवला आहे. वाचकांनी इथेच बसून, कोणाला न विचारता उत्तर द्यावे. उद्या सकाळी तुम्ही दिसला नाहीत, तर दुपारच्या आत कोण तुमच्या दाराशी येईल? एक नाव लिहावे. घरच्यांचे चालणार नाही.

नाव सुचत नसेल तर मुळीच वाईट वाटून घेऊ नये. तुम्ही पैकीच्या पैकी गुणांनी उत्तीर्ण आहात. प्रमाणपत्र टपालाने येईल. दार उघडायला कोणी नसेल, तर पोस्टमन फटीतून आत सरकवील.