सिद्धूच्या वरातीची हलकी गाडी

अख्ख्या आटपाडीनं तोंडात बोट घालावं अशी वरात काढतो, असं सिद्धूनं साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. होणाऱ्या बायकोनं, अपेक्षानं, त्याच्याकडं अजून धड पाहिलंही नव्हतं. तिनं एकदा तरी थक्क व्हावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा!

तो कुपवाडच्या ज्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता, तिथले मालक धैर्यशीलदादा. वय साठीचं, पण हौस विशीतली. त्यांनी नुकतीच स्पोर्ट्स कार घेतली होती. रस्त्यावर चालणारी, पण शर्यतीसाठी मुद्दाम हलकी केलेली. ती वरातीला आणायचा त्यांनी शब्द दिला, मात्र चालवणार आपणच, हेही बजावलं.

गाडी मांडवापुढं आली आणि हलगी आपोआप थांबली. जमिनीला चिकटलेली ती लालभडक गाडी पाहून अपेक्षाची आजी दगडाबाई हिनं चक्क हात जोडले. सिद्धूची छाती फुगली. ऐटीत त्यानं दार उघडलं, तर आत मागची सीटच नाही!

दादांनी कौतुकानं सांगितलं, की वजन घटवायला कंपनीनं मागची सीट, एसी, रेडिओ सगळं काढलंय. आता दादांशेजारी एकच जागा उरली. मांडवात खल सुरू झाला. मामा म्हणाले नवरदेव बसू दे, आत्या म्हणाली दोघं मावतील, त्यावर म्हातारी माणसं लाजली. शेवटी दगडाबाईनं निकाल दिला.

"नवरी बसंल. नवरदेवाला पाय हायत की."

सिद्धू मुंडावळ्या सावरत गाडीमागून चालू लागला. पण ही गाडी हलगीच्या चालीनं चालायची नव्हती. इंजिन तापायला लागलं. जरा वारं लागू द्या, म्हणत दादांनी पाय दाबला. असा आवाज झाला की बघ्यांनी कानांवर हात ठेवले, आणि नवरी माणदेशाच्या धुळीत दिसेनाशी झाली! वऱ्हाड आ वासून उभं राहिलं. सिद्धूलाही क्षणभर आपलं लग्न झालंय याचा विसर पडला, इतकं ते देखणं होतं. मग कुणीतरी विचारलं, की नवरी परत येणार हाय न्हवं? तसा सिद्धू टाचा उंचावून रस्त्याकडं बघू लागला.

बऱ्याच वेळानं गाडी आली. अपेक्षाचे केस पिंजारलेले, पदर धुळीनं माखलेला, डोळे मात्र लकाकत होते. तिनं पहिल्यांदाच सिद्धूकडं नीट बघितलं आणि हसली. सिद्धू विरघळला. ती आता काय बोलणार म्हणून कानात प्राण आणून तो वाकला.

"आवं, तुमी वऱ्हाडाबरोबर सावकाश या," ती म्हणाली. "आमी फुडं जातो."