झाडे सरांची गंगाजळी

पहिली चूक माझीच. सेलूला आमच्या शेजारी झाडे सर नुकतेच राहायला आले होते. भिंतीपलीकडून त्यांचा फोनवरचा आवाज आला, "गंगाजळी संपली! आता दोन महिनेही काढत नाई." मी देवघरातला काशीचा सीलबंद गडू उचलला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि चेहरा जमेल तितका पाडून त्यांच्या दारात उभा राहिलो.

"कोण आहे जी शेवटच्या घटकेले?" मी हळूच विचारलं.

सरांनी गडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एक देश आहे, भाऊ. डॉलर संपून राह्यले त्याचे. परकीय चलनाच्या साठ्याले गंगाजळी म्हणतेत. तुमच्या गडूनं तो वाचत नाई."

सर अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बायको गेल्यापासून एकटे. देश कसे बुडतात, यावर त्यांचं आयुष्यभराचं संशोधन. चलनाचा भाव आपोआप घसरला की सरकारनं मुद्दाम उतरवला, हा त्यांचा जिव्हाळ्याचा प्रश्न. बाजारात टमाट्याचा भाव पडला, तरी भाजीवालीला विचारणार, "पडला का पाडला?" एकदा मी गल्लीत स्कूटरसकट आडवा झालो. सर वाकून म्हणाले, "भाऊ, पडले का पाडले?" स्कूटर त्यांनी नंतर उचलली. मला त्याच्याही नंतर.

चहा घेता घेता ते एकच सिद्धांत सांगायचे. "देश पैशापायी नाई बुडत, भाऊ. लाजेपायी बुडते. वेळेवर मदत मागत नाई. 'सगळं ठीक आहे' म्हणत राह्यते." मी मान डोलवायचो. बिस्किटं चांगली असायची.

गेल्या महिन्यात भिंतीपलीकडे चार दिवस शांतता होती. जगात कुठं संकट नसेल, असं समजून मी दुपारी निवांत झोपलो. पाचव्या दिवशी गेलो, तेही माझी शिडी परत आणायला. सर खाटेवर, अंगात सणसणून ताप, उशाशी रिकामा तांब्या.

"सर, काय झालं?"

"काई नाई. सगळं ठीक आहे," ते म्हणाले. मग स्वतःचंच बोलणं ऐकू आल्यासारखे चपापले. त्यांनी माझं मनगट धरलं. "भाऊ, पाणी देता का थोडं?"

त्यांना दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. घरी येऊन मी बायकोला मोठ्या ऐटीत म्हणालो, "एवढा शिकलेला माणूस, पण भिंतीवरून एक हाक मारता नाई आली!"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अन चार दिवस आवाज नाई, तं तुमाले तरी कुठं मारता आली?"