मेव्हणा कुणाच्याच खात्यात नव्हता

केळव्याच्या नरहरी राऊतांनी आपल्या मेव्हण्याला फोटोतून वगळायचा निर्णय घेतला, तेव्हा त्यात कसलाही आकस नव्हता. निर्णय केवळ कलेच्या हिताचा होता. मेव्हणा, म्हणजे उमरोळीचा शैलेश, नेमका नवरा-बायकोच्या मधोमध उभा होता. डोळे मिटलेले, तोंडात मक्याचं कणीस आडवं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं चिकटवहीतलं पान अशा माणसाला मधे धरून सजवणं नरहरींना प्रशस्त वाटेना.

फोटो मात्र अनमोल होता. प्रेमलाबाई फोटोत हसत नसत. कॅमेरा समोर आला की त्या आधार कार्डाला बसल्यासारखा चेहरा करत. लग्नाचा अल्बम पाहून पाहुणे अजून दबक्या आवाजात विचारत, की मुलीची संमती घेतली होती ना. हा एवढा एकच अपवाद. केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनापुढे नरहरींनी मोबाइल दगडाला टेकवला, आपोआप फोटो निघायची कळ दाबली आणि ते जागा पकडायला धावले. वाटेत उजवी चप्पल ओल्या वाळूत रुतून राहिली. एक हात वर, एक अनवाणी पाय वर, अशा थाटात लंगडत ते हजर झाले आणि त्या क्षणी बाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मोबाइलने बरोबर तेच टिपलं.

"हा भिंतीवर लावा," एवढंच त्या म्हणाल्या. आयुष्यभरात भिंतीसाठी त्यांनी मागितलेली ही पहिली वस्तू. नरहरींनी शब्द दिला. फोटो तसाच छापून खिळ्याला अडकवला असता तर सगळं पार पडलं असतं. पण नरहरी मंडळाचे सभासद होते.

'स्मृतिपर्ण डिजिटल चिकटवही मंडळ, पालघर-बोईसर विभाग' ही संस्था म्हणजे पाच माणसं आणि एक व्हॉट्सॲप गट. 'विभाग' म्हटलं की इतरत्रही शाखा असाव्यात असं वाटतं, म्हणून विभाग. पूर्वी लोक वहीत फोटो डिंकाने चिकटवून भोवती रिबीन, वाळकी फुलं लावत. हे लोक तेच मोबाइलच्या पडद्यावर करत. डिंक नाही, कात्री नाही. टाचणी दिसते पण टोचत नाही, फूल दिसतं पण सुकलेलं असल्याचं सोंग करतं. नरहरींच्या वाडीत खऱ्या झावळ्या पडून कुजत होत्या आणि नरहरी ओटीवर बसून, पानाच्या कोपऱ्यात लावायला, इंटरनेटवरून झावळी उतरवून घेत होते. शेजारच्यांनी एकदा विचारलं, वाडी साफ कधी करणार. नरहरींनी त्यांना मोबाइलवर दाखवली. साफ होती.

मंडळात प्रत्येकाला एक खातं नेमून दिलेलं होतं. नरहरींकडे 'उजेड'. आपण या खात्याला न्याय देतो असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मंडळातल्याच हेतलबेनच्या आजीचा जुना फोटो त्यांनी इतका उजळला होता, की आजी मागच्या भिंतीत मिसळून गेल्या आणि चष्मा तेवढा उरला. मंडळाने त्याची 'धाडसी प्रयोग' म्हणून नोंद घेतली. हेतलबेनने दुसऱ्या दिवशी टाळ्यांचं चिन्ह पाठवलं.

नियम कडक होते. फोटो सगळ्या खात्यांतून फिरलाच पाहिजे. दुसऱ्या खात्याच्या कामाला हरकत घ्यायची नाही. आणि सर्वांत पवित्र नियम मूळ-विसर्जनाचा. फोटो मंडळाच्या स्वाधीन केला की सर्वांसमक्ष मोबाइलमधली मूळ प्रत पुसायची, कचरापेटीही रिकामी करायची, कारण मूळ प्रत ठेवणं म्हणजे सहकाऱ्यांवर अविश्वास दाखवणं. हा ठराव खुद्द नरहरींनी मांडला होता. अध्यक्ष हेमांगीताईंच्या पालघरच्या घरी पोह्यांची दुसरी बशी पुढ्यात आली असताना माणूस काहीही मांडतो.

तर एका रविवारी नरहरींनी तो फोटो सभेपुढे ठेवला आणि मेव्हणा तेवढा काढा, बाकी काही करू नका, अशी विनंती केली. हेमांगीताई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"'बाकी काही करू नका' हे नियमात बसत नाही, नरहरीराव. प्रत्येक खात्याला काम मिळालं पाहिजे."

नरहरींचा अंगठा क्षणभर अडखळला. पण ठराव आपला, आणि चार जोड्या डोळे आपल्याकडे. त्यांनी मूळ प्रत पुसली, कचरापेटी रिकामी केली. सगळ्यांनी समोरासमोर बसून एकमेकांना मोबाइलवर फुलं पाठवली.

पहिलं खातं रामनाथचं, 'तारा व खांब'. बोईसरच्या या गृहस्थाने आजवर इतक्या तारा, खांब आणि धुराडी पुसली होती, की त्याच्या फोटोंतलं बोईसर पाहून थंड हवेचं ठिकाण समजून लोक हॉटेलांची चौकशी करत. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"नरहरीशेट, तुमचा एक पाय खांब म्हणून गेला."

"कुठला?"

"जमिनीवरचा. दुसरा तुमी अगोदरच वर धरलेला. मग तुमी हवेत दिसायला लागले. चांगल्या घरातला माणूस अधांतरी बरा दिसत नाय. म्हटलं, अब्रूचा प्रश्न हाय. तुमाला पूर्णच पुसला."

नरहरींना वाईट वाटलं. पण अब्रू राखल्याबद्दल आभार मानावेत की आपण गेल्याबद्दल तक्रार करावी, हे ठरेना. हरकत तर घेता येत नव्हती. त्यांनी टाळ्या पाठवल्या. शिवाय बायको हसतेय, मुद्दा तोच होता, अशी स्वतःची समजूतही घातली.

पुढे 'आकाश' खातं. ते धीरजकडे. हा बोईसरला कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा, पण आभाळ बदलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारशाला सूर्यास्त, मुंजीला इंद्रधनुष्य. त्याने केळव्याच्या आभाळाला केशरी ढग लावले. प्रेमलाबाईंची साडी आकाशी होती. यंत्राने रंग ओळखला आणि साडीलाही ढग लावले. आता मेव्हण्याशेजारी, सूर्यास्तात, प्रेमलाबाईंचा नुसता चेहरा तरंगत हसत होता.

"काका, टेन्शन नका घेऊ," धीरज म्हणाला. "चेहऱ्याला हात नाय लावला. चेहरा आपलं डिपार्टमेंटच नाय."

ते हेतलबेनचं होतं. तिचा निरोप आला तेव्हा नरहरी ओटीवर बसले होते आणि आतून प्रेमलाबाई विचारत होत्या, की फोटोचं काय झालं. छापायला दिलाय, असं त्यांनी सांगितलं आणि मोबाइल कानाशी नेऊन निरोप हळूच ऐकला.

"नरहरीभाई, आभाळात बाईमाणसाचा एकटा चेहरा म्हणजे लोक पांढरे कपडे घालून भेटायला येतील. म्हणून मी काढला. पण हसू एवढं सरस, ते फेकायला जीव नाय झाला. तुमच्या साळ्याचे डोळे बंद, तोंडात मका. त्याला बसवलं. सख्खे भाऊ-बहीण, रंगपण जुळला. जोड कुठे दिसत नाय, बघा."

नरहरींनी पाहिलं. जोड खरोखरच दिसत नव्हता. हेतलबेनने हे मनापासून केलं की आजीच्या चष्म्याची आठवण ठेवून, हे विचारायची सोय नियमात नव्हती. त्यांनी टाळ्या पाठवल्या.

मग 'उजेड' खात्याचा क्रम आला. खुद्द नरहरींचा. इथे ते फोटो दाबून ठेवू शकले असते, फिरवणं थांबवू शकले असते. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर बायको हसते आहे, हे उघड्या डोळ्यांनी ते पाहत होते. पण खातं नावाची चीज अशी, की काम समोर आलं की हात चालू लागतो. त्यांनी मेव्हण्याचे गाल थोडे उजळले, दातांवर चमक आणली आणि पान पुढे पाठवलं. काम उत्तम झालं होतं. त्यांना जरासा अभिमानही वाटला.

शेवटी 'सजावट व मंजुरी', हेमांगीताई. पानावर एकच इसम असल्याने 'लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा' हा मजकूर विसंगत ठरतो, असा त्यांनी शेरा मारला. तो बदलून सोनेरी अक्षरांत 'शुभ सकाळ' घातलं, खाली दोन गुलाब लावले आणि महिन्याचं उत्कृष्ट पान म्हणून ते आपल्या सगळ्या गटांवर सोडून दिलं.

नरहरींनी धीर करून फोन लावला. मेव्हणा काढायचा होता, त्याचं काय झालं, असं विचारलं.

"तो विषय कुणाच्याच खात्यात येत नाही," हेमांगीताई म्हणाल्या. "'व्यक्ती' असं नवीन खातं उघडायला हवं. पुढच्या सभेत ठराव आणते. तुमचं अनुमोदन धरू ना?"

नरहरींनी अनुमोदन दिलं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच शैलेश उमरोळीहून आला. काखेत कागदात गुंडाळलेली मोठी तसबीर. त्याला हे पान त्याच्या भजनी मंडळाकडून आलं होतं, त्यांना कुणाकडून आलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याने ते छापून, काच बसवून आणलं होतं.

"भावोजी, तुमच्या मंडळाचा हाय ना?" कागद सोडवत तो म्हणाला. "माझा एवढा चांगला फोटो जन्मात नाय आला. मला वाटायचं, तुमचा माझ्यावर राग हाय."

खिळा मोकळाच होता. शैलेशने स्वतःच्या हाताने तसबीर भिंतीवर लावली. प्रेमलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"शैलू, ये तोंड तुझं हाय," त्या म्हणाल्या. "पण हसू माझं हाय."

शैलेशने आरशासारखं काचेत पाहिलं. नरहरींनी जमिनीकडे पाहिलं.

"आन् तुमी कुठं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नरहरींनी तसबिरीतल्या वाळूच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे ओल्या वाळूत अर्धी रुतलेली उजव्या पायाची चप्पल होती. ना तार, ना खांब, ना आकाश, ना चेहरा. ती कुणाच्याच खात्यात आली नव्हती, म्हणून वाचली होती.

प्रेमलाबाईंनी चप्पल पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चप्पल. आणि त्या हसल्या. तेच, तसंच, डोळ्यांत पाणी येईतो.

नरहरींनी झटक्यात मोबाइल काढला. नेम धरला. बाईंच्या डोक्यामागून कपडे वाळत घालायची दोरी जात होती.

"जरा डावीकडे सरक," ते म्हणाले. "मागं दोरी येते."

प्रेमलाबाई डावीकडे सरकल्या आणि आधार कार्डाला बसल्या.

तो फोटो रीतसर निघाला, दोरीशिवाय. उजेडही छान आला आहे. राहता राहिलं ते शुभ सकाळचं पान. ते अजून फिरतं आहे, पालघर-बोईसर सोडून फार पुढे गेलं आहे. केशरी आभाळ, दोन गुलाब, मधे एक भला माणूस, त्याच्या चेहऱ्यावर एका बाईचं आयुष्यातलं एकमेव टिपलेलं हसू. गेल्या आठवड्यात तुम्हालाही आलं होतं. तुम्ही न पाहता दोन हात जोडलेत आणि पुढे पाठवलंत. कोपऱ्यात चप्पल होती.